म्हैसूरचे शिलेदार: असईपासून हैफापर्यंत

म्हैसूर संस्थानाच्या घोडदळाचा इतिहास 1799 पासून 1950 नंतरच्या काही वर्षांपर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ सलग सांगता येतो. आरंभी या फौजेला शिलेदारांचे घोडदळ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्यातल्या निवडक स्वारांची भालाईत पलटण बांधली गेली आणि ती ‘म्हैसूर लॅन्सर्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पॅलेस्टाईनमधील हैफा शहर 23 सप्टेंबर 1918 रोजी घेणाऱ्या दोन प्रमुख पलटणींपैकी ही एक. जोधपूरच्या स्वारांचे नाव त्या विजयाशी पक्के जोडले गेले आहे. त्याच दिवशी कार्मेल डोंगर चढून गेलेल्या म्हैसूरच्या स्वारांची आठवण मात्र कर्नाटकाबाहेर क्वचितच निघते. मराठी वाचकाला तर या फौजेची ओळख आणखी एका कारणासाठी हवी. तिची घडण मराठी पद्धतीची होती, तिच्यात मराठीभाषक स्वार पिढ्यान् पिढ्या होते, आणि तिच्या सुरुवातीच्या मोठ्या लढाया मराठ्यांविरुद्धच झाल्या.

4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. इंग्रजांनी त्याच्या राज्याची वाटणी करून उरलेल्या भागावर वाडियार घराण्यातील पाच वर्षांच्या कृष्णराजांना बसवले. कारभार दिवाण पूर्णय्यांकडे आला. हैदर आणि टिपू या दोघांचाही कारभार त्यांनी सांभाळला होता, त्यामुळे राज्याची घडी त्यांना पाठ होती. तैनाती फौजेच्या तहानुसार म्हैसूरने कंपनीला दरसाल सात लाख होन द्यायचे होते आणि राज्याचे रक्षण कंपनीच्या पलटणी करणार होत्या. तरीही पूर्णय्यांनी स्वतःचे घोडदळ राखले. टिपूच्या फौजेतले हजारो स्वार एका रात्रीत बेकार झाले होते. त्यांना चाकरीवर घेतले नाही तर ते मुलूख लुटतील, हा धोका खरा होता. श्रीरंगपट्टणच्या कैदेतून सुटलेल्या धोंडजी वाघाने अशाच बेकार स्वारांच्या जोरावर वर्षभर धुमाकूळ घातला. सप्टेंबर 1800 मध्ये आर्थर वेलस्लीने त्याला गाठून मारले, तेव्हा कुठे तो मुलूख निवांत झाला.

शिलेदारी पद्धत मराठी वाचकाला नवी नाही. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, हा भेद शिवकाळापासून चालत आलेला. म्हैसुरातही तोच होता. शिलेदाराला महिन्याचा ठराविक पगार मिळे आणि त्यातूनच त्याने घोड्याचा दाणावैरण, खोगीर आणि हत्यारे पाहायची. घोडा मेला की तोटा त्याचा. ज्याच्याकडे दोन-चार घोडी असत तो त्यांवर आपले बारगीर बसवी आणि त्यांचा पगार आपल्या हाताने वाटे. सरकारला अशी फौज स्वस्त पडे आणि स्वाराला आपल्या मानाची जाणीव राही, कारण तो घोड्याचा मालक होता. मात्र पगार थकला तर घोडा उपाशी राहतो आणि घोडा गेला की फौजच कागदावर उरते. पुढे म्हैसुरात नेमके हेच घडले.

या शिलेदारांमध्ये दख्खनी मुसलमान, मराठे, राजपूत आणि ब्राह्मण होते. मराठे तिथे आले कसे, हे समजायला दीडशे वर्षे मागे जावे लागते. 1638 मध्ये बंगळूर आदिलशाहीकडे गेले आणि शहाजीराजांना तिथली जहागीर मिळाली. 1664 मध्ये होदिगेरे येथे त्यांचा मृत्यू झाला, पण त्यांच्याबरोबर दक्षिणेत उतरलेली घराणी तिथेच रुजली. 1687 मध्ये बंगळूर चिक्कदेवराज वाडियारांकडे गेले तरी ही माणसे परतली नाहीत. पुढे पेशव्यांच्या आणि पटवर्धनांच्या स्वाऱ्यांबरोबर आणखी कुटुंबे आली. पूर्णय्यांच्या काळात दप्तरात कानडीबरोबर मराठीही चाले, आणि घोडदळाचे वरचे अधिकारीही बरेचसे मराठी वळणाचे होते. रामराव हे म्हैसूरच्या उत्तरेकडील मराठी अंमलाच्या मुलखातून आलेले. हैदर-टिपूच्या घोडदळात नाव कमावून ते पूर्णय्यांच्या राज्यात नगर प्रांताचे फौजदार झाले. दुसरे बिष्णाप्पा पंडित. 1803 मध्ये म्हैसूरच्या घोडदळाची सरदारी त्यांच्याकडे होती, आणि वेलस्लीच्या पत्रव्यवहारात त्यांचे नाव पुन्हा पुन्हा येते.

त्या वर्षी दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र फौजेला वेलस्लीने 23 सप्टेंबर 1803 रोजी असई गावाजवळ गाठले. आज हे गाव जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा यांवर वेलस्लीने आपले पायदळ घातले. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मिळून सुमारे 5,000 स्वार त्याने केळणेच्या दक्षिणेला ठेवले होते. शत्रूच्या अफाट घोडदळाने मागून येऊन घात करू नये, हे त्यांचे काम. त्या दिवशी मुख्य हल्ल्यात ते नव्हते, आणि म्हणून लढाईच्या वर्णनांत त्यांना एखाद-दुसरी ओळ मिळते. पण वेलस्लीची खरी भिस्त त्यांच्यावर होती ती लढाईच्या आधी आणि नंतर: टेहळणी, रसदेचे रक्षण, वैरण मिळवणे, पेंढाऱ्यांना दूर ठेवणे. महाराष्ट्राच्या माळरानावर ही कामे गोऱ्या स्वारांना जमणारी नव्हती. रसद वाहायला म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल होते आणि तिला पहारा म्हैसूरच्या शिलेदारांचा. दोन्ही बाजूंनी मराठीत हाका मारणारे स्वार समोरासमोर उभे होते. त्या युद्धाला यादवीची छटा आहे, आणि असईचा इतिहास लिहिताना ती दृष्टीआड करणे योग्य नाही.

युद्धातील या कामगिरीचे फळ म्हैसूरला विचित्र मिळाले. युद्धकाळात म्हैसूरने किती फौज द्यायची हे आधीच्या तहात मोघम होते. 1807 च्या पुरवणी तहाने ते पक्के झाले: शांततेतही 4,000 स्वार कायम तयार ठेवायचे. चाकरी कंपनीची आणि खर्च म्हैसूरचा. दहा वर्षांनी हे स्वार पुन्हा उत्तरेला गेले. 21 डिसेंबर 1817 रोजी क्षिप्रेकाठी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. त्या दिवशी म्हैसूरचे शिलेदार कंपनीच्या फौजेत होते. लढाई फिरताच त्यांनी पाठलाग केला आणि होळकरांच्या छावणीतील मोठी लूट त्यांच्या हाती लागली. पुढच्या महिन्यात मंदसोरचा तह होऊन होळकरशाहीचे स्वातंत्र्य संपले.

पेंढारी आणि मराठे यांच्याशी लढाया संपल्या, पण 4,000 स्वारांचा खर्च संपला नाही. 1811 मध्ये पूर्णय्या कारभारातून दूर झाले आणि महाराजांच्या हाती सत्ता आली. पुढच्या वीस वर्षांत खजिना रिता झाला. शिलेदारांचे पगार महिनोन् महिने थकले. ज्याचा घोडा त्याच्याच खर्चाने जगतो, त्या शिलेदाराने सावकाराचे दार धरले. तिकडे मलनाडच्या नगर प्रांतात रयत सारावाढीने आणि इजारदारांच्या जुलमाने टेकीला आली होती. 1830 मध्ये गावोगाव लोक जमू लागले आणि सारा द्यायचा नाही असे ठरवू लागले. या जमावांना तिथे ‘कूट’ म्हणत. बुडी बसवप्पा नावाच्या माणसाने आपण नगरच्या जुन्या राजांचा वारस असल्याचा दावा केला. तरीकेरेचा पाळेगार रंगप्पा नायक त्याला येऊन मिळाला आणि साराबंदीचे रूपांतर बंडात झाले.

ज्या घोडदळाने आजवर परमुलखात तलवार चालवली, त्याला आता आपल्याच संस्थानच्या शेतकऱ्यांवर पाठवले गेले. दाट जंगल, पाऊस, अरुंद घाटवाटा आणि अडथळे घालून बंद केलेले रस्ते यांत घोडा निकामी ठरतो. पगार थकलेले स्वार मनानेही त्यात नव्हते. दरबारच्या फौजेला बंड मोडता आले नाही आणि कंपनीच्या पलटणी बोलवाव्या लागल्या. त्यांनाही पहिल्या झटक्यात यश आले नाही. अखेर 1831 मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने महाराजांच्या हातून कारभार काढून घेतला. तेव्हापासून 1881 पर्यंत म्हैसूरवर इंग्रज कमिशनरांचे राज्य होते. फौजेचा पगार थकवणे किती महाग पडते, याचे दक्षिणेत यापेक्षा ठळक उदाहरण सापडणार नाही.

कमिशनच्या काळात शिलेदारांची संख्या टप्प्याटप्प्याने घटली. त्यांचे काम मुख्यतः पोलिसी उरले: खजिन्याला पहारा, टपालाचे रक्षण, दरोडेखोरांचा पाठलाग. त्यांच्या जोडीला ‘बार’ नावाची पायदळ फौज होती आणि ती कचेऱ्या व तुरुंगांवर पहारा देई. घोड्यांची पैदास टिपूच्या काळापासूनच्या कुणिगल येथील पागेत होई. 1881 मध्ये इंग्रजांनी राज्य वाडियार घराण्याला परत केले, तेव्हा दरबाराच्या हाती आली ती मोठी पण जुनाट फौज. पुढच्या दहा-बारा वर्षांत तिची फेररचना झाली.

या फेररचनेला बाहेरूनही कारण मिळाले. रशिया अफगाणिस्तानच्या सीमेपर्यंत सरकला होता आणि सीमेवर युद्ध झाल्यास आपली फौज देऊ, असे अनेक संस्थानिक सरकारला कळवत होते. त्यातून 1889 च्या सुमारास ‘इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स’ ही योजना उभी राहिली. संस्थानाने आपल्या खर्चाने एखादी पलटण सरकारी दर्जाची करायची. तिचे अधिकारी संस्थानचेच राहतील, इंग्रज अधिकारी फक्त तपासणीला आणि सल्ल्याला असतील, आणि युद्धात ती साम्राज्याच्या कामी येईल. पलटण द्यायची की नाही हे संस्थानिकाच्या मर्जीवर सोडलेले होते, निदान कागदावर. म्हैसूरने 1892 च्या सुमारास आपल्या शिलेदारांतून एक पलटण या योजनेखाली बंगळुरात उभी केली आणि दुसरी स्थानिक कामासाठी म्हैसुरात ठेवली. याखेरीज टट्टू आणि गाड्यांची वाहतूक तुकडीही दिली. ही तुकडी 1895 च्या चित्रळ आणि 1897 च्या तिराह मोहिमेत, पार वायव्य सरहद्दीच्या डोंगरात जाऊन आली.

ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वाडियार गादीवर होते. त्यांनी युद्धासाठी 50 लाख रुपये दिले आणि लॅन्सर्सची पलटणही. संस्थानी फौजेचे मुख्य अधिकारी कर्नल देसराज अरस होते, तर पलटणीचे नेतृत्व बी. चामराज अरस यांच्याकडे होते. पलटणीच्या प्रमुखाला म्हैसुरात ‘रेजिमेंटदार’ म्हणत आणि त्याखालचे हुद्दे रिसालदार, जमादार, दफेदार असे आपल्या ओळखीचे. ऑक्टोबर 1914 मध्ये पलटण मुंबईहून जहाजाने निघाली आणि इजिप्तमध्ये सुएझ कालव्याच्या रक्षणाला लागली. तिथे ती इंपीरियल सर्व्हिस घोडदळ ब्रिगेडमध्ये होती. हैदराबाद, म्हैसूर आणि पुढे जोधपूर येथील लॅन्सर्स हे या ब्रिगेडचे मुख्य घटक होते, आणि वेळोवेळी इतर संस्थानांच्या तुकड्याही तिच्यात असत. फेब्रुवारी 1915 मध्ये तुर्कांनी कालव्यावर हल्ला केला. तो परतवल्यावर बरीच वर्षे वाळवंटातली गस्त, उन्हाचा मारा आणि पाण्याची टंचाई हेच या स्वारांच्या वाट्याला आले. 1917 च्या अखेरीस गाझा पडल्यावर पाठलागाचे काम मिळाले, आणि 14 जुलै 1918 रोजी जॉर्डन नदीच्या खोऱ्यात जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांनी भाले घेऊन तुर्की फळीवर यशस्वी हल्ला केला. पुढे हैफात जे घडले त्याची तालीम इथे झाली.

19 सप्टेंबर 1918 रोजी जनरल ॲलेनबीने मेगिदोची मोहीम सुरू केली. पायदळाने फळी फोडली आणि त्या खिंडारातून घोडदळ मागे घुसले. तुर्की फौज उत्तरेकडे मोडत गेली. पुढे सरकणाऱ्या सैन्याला रसदेसाठी बंदर हवे होते आणि ते बंदर हैफा. 22 तारखेला चिलखती मोटारींची तुकडी शहराच्या रस्त्याने गेली, पण तोफांच्या माऱ्याने परतली. दुसऱ्या दिवशी हे काम 15 व्या इंपीरियल सर्व्हिस घोडदळ ब्रिगेडकडे आले. ब्रिगेडियर जनरल हार्बर्डच्या हाताखाली त्या दिवशी मुख्यतः जोधपूर आणि म्हैसूर या दोनच पलटणी होत्या, कारण हैदराबादचे स्वार कैद्यांच्या पहाऱ्यावर गुंतले होते.

हैफाची रचना बचावाला फार सोयीची. शहराच्या एका अंगाला कार्मेलचा उभा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला किशोन नदी व तिच्या काठची दलदल. मधल्या चिंचोळ्या पट्टीतून रस्ता आणि रेल्वे शहरात जातात. डोंगरावर तोफा, उतारावर आणि रस्त्याच्या तोंडाशी मशीनगन. सकाळी दहानंतर ब्रिगेड माऱ्याच्या टप्प्यात आली आणि थांबली. समोरून सरळ जाणे म्हणजे मरण. म्हणून कार्मेलवरच्या तोफा आधी गप्प करायच्या ठरल्या, आणि ते काम म्हैसूर लॅन्सर्सच्या एका स्क्वाड्रनला मिळाले.

हे काम दिसायला छोटे आणि करायला भयंकर. स्क्वाड्रन दोन मशीनगन घेऊन डोंगराच्या मागच्या अंगाने चढू लागले. वाट दगडांची आणि झुडपांची, घोडे हातात धरून न्यावे लागत. काही घोडी घसरली, काही थकून बसली. वाटेत काही स्वार मशीनगनांजवळ ठेवावे लागले. तोफांच्या टप्प्यात पोचेपर्यंत घोड्यावर बसून हल्ला करण्याजोगे फार थोडे स्वार उरले होते. मागून शेरवुड रेंजर्सचे एक स्क्वाड्रन त्यांच्या मदतीला आले. दुपारी दोनच्या सुमारास या मूठभर स्वारांनी भाले रोखून तोफांवर झेप घेतली आणि त्या ताब्यात घेतल्या. म्हैसूरचे दुसरे एक स्क्वाड्रन त्याच वेळी उत्तरेच्या अंगाने शहराला वळसा घालत होते.

त्याच सुमारास खाली जोधपूर लॅन्सर्सने मुख्य हल्ला चढवला. आधी ते किशोन ओलांडायला गेले, पण काठची जमीन घोड्यांना गिळू लागली. मग माऱ्याखालीच ते डावीकडे वळले, डोंगराच्या पायथ्याच्या मशीनगन तुडवल्या आणि पट्टीतून थेट शहरात घुसले. त्यांचे नेतृत्व करणारे मेजर दलपतसिंह शेखावत गोळी लागून पडले. म्हैसूरच्या मशीनगनांनी हल्ल्याला आधार दिला आणि नंतर म्हैसूरचे उरलेले स्वार जोधपूरकरांच्या मागोमाग शहरात शिरले. काही वेळातच हैफा हाती आले. सुमारे 1,350 कैदी, 17 तोफा आणि 11 मशीनगन मिळाल्या. ब्रिगेडचे 8 जण ठार आणि 34 जखमी झाले. घोड्यांची हानी मात्र मोठी होती: 60 मेले, 83 जखमी झाले. या आकड्यांतच त्या दिवसाची हकीकत आहे. भरधाव दौडीमुळे नेमबाजांना माणसे टिपता आली नाहीत, गोळ्या घोड्यांनी झेलल्या.

या लढाईविषयी दोन गोष्टी अलीकडे फार सांगितल्या जातात आणि दोन्ही दुरुस्त करायला हव्यात. भारतीय स्वारांकडे फक्त भाले-तलवारी होत्या, ही पहिली. प्रत्यक्षात त्यांच्याकडे रायफली आणि मशीनगन होत्या, आणि मदतीला तोफखान्याची एक बॅटरी होती. शौर्य कमी नाही, पण ते योजनेशिवायचे नव्हते, आणि त्या योजनेची किल्ली कार्मेलवर होती. जगातील घोडदळाचा हा शेवटचा हल्ला, ही दुसरी. इटलीच्या घोडदळाने ऑगस्ट 1942 मध्येही रशियात असा हल्ला केला होता. खुद्द म्हैसूरच्या स्वारांचाही हैफा हा शेवटचा हल्ला नव्हता.

तो झाला महिनाभराने. हैफानंतर घोडदळ दमास्कसमार्गे उत्तरेला निघाले. मोहिमेच्या सुरुवातीपासून अलेप्पोपर्यंत, ही ब्रिगेड ज्यात होती त्या पाचव्या घोडदळ डिव्हिजनने सुमारे 550 मैल मजल मारली. मलेरिया आणि इन्फ्लुएन्झाने लढाईपेक्षा जास्त माणसे आजारी पाडली. 26 ऑक्टोबर 1918 रोजी अलेप्पोच्या पुढे हरितान येथे म्हैसूर आणि जोधपूरच्या स्वारांनी माघार घेणाऱ्या तुर्की फौजेवर हल्ला केला. शत्रू अंदाजापेक्षा कितीतरी अधिक निघाला आणि हल्ला अडला. ब्रिगेडचे 21 जण ठार झाले, हैफापेक्षा दुपटीहून जास्त. चार दिवसांनी तुर्कांशी युद्धबंदीचा करार झाला. ही त्या रणांगणावरची अखेरची चकमक. हैफाचा दिवस दरवर्षी साजरा होतो, हरितानचे नाव क्वचित कुणी घेते. तिथे पडलेल्या स्वारांवर हा अन्याय आहे.

पलटण 1920 च्या सुमारास बंगळुरात परतली. जे.सी. नगर भागात तिच्या मृतांचे स्मारक उभे राहिले आणि ते आजही आहे. दिल्लीत 1922 मध्ये लिओनार्ड जेनिंग्ज या शिल्पकाराने घडवलेले तीन सैनिकांचे स्मारक उभारले गेले. ते तीन पुतळे म्हणजे हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर. तीन मूर्ती हे नाव त्यावरूनच पडले, आणि जानेवारी 2018 मध्ये त्या चौकाला तीन मूर्ती हैफा चौक असे नाव मिळाले. महायुद्धाने शिलेदारी पद्धतीचाही शेवट केला. समुद्रापलीकडे वर्षानुवर्षे चालणाऱ्या लढाईत स्वार आपल्या पदरचा घोडा भरून काढू शकत नाही, हे उघड झाले आणि ब्रिटिश भारताच्या फौजेनेही 1921 च्या सुमारास ती सोडली.

दुसऱ्या महायुद्धात संस्थानच्या पायदळाची पाळी आली. म्हैसूरची पहिली पायदळ पलटण मलायात पाठवली गेली आणि 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले तेव्हा जपान्यांच्या कैदेत गेली. स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्या फौजा भारतीय सेनेत विलीन झाल्या आणि म्हैसूरचे पायदळ मद्रास रेजिमेंटमध्ये गेले. घोडदळाचे काय करायचे हा प्रश्न होता, कारण रणगाड्यांच्या काळात घोड्याला जागा उरली नव्हती. 1953 मध्ये ग्वाल्हेर, जोधपूर, म्हैसूर वगैरे संस्थानांच्या उरल्यासुरल्या घोडदळांतून एकच पलटण उभी केली गेली, आणि पुढच्या वर्षी तिला 61 वी कॅव्हलरी हे नाव मिळाले. असईला शिंद्यांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या घोडदळाचे वारस, बरोबर दीडशे वर्षांनी, शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या स्वारांबरोबर एकाच पागेत आले. जयपूरला तळ असलेली ही पलटण 23 सप्टेंबर हा हैफा दिन म्हणून पाळते.

म्हैसूर शहरात घोडेस्वारांची परंपरा पोलिसांकडे आली आहे. कर्नाटक सशस्त्र राखीव पोलिसांची अश्वारूढ तुकडी तिथे आहे. दसऱ्याच्या जंबू सवारीत ती चालते आणि रात्री बन्नीमंटप मैदानावरच्या मशालींच्या कवायतीत कसरती करते.